घरचे म्हणतात ‘फवाऱ्यानं झालं’, रुग्ण म्हणतो ‘मी पेलो’ : नर्सिंग नोट्समध्ये काय लिहायचं?

रात्रपाळी_ग्रामीण

ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरांना विचारते आहे. कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली की हा पेच दर आठ-पंधरा दिवसांनी समोर येतो.

रुग्ण येतो तो तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग घामानं निथळतंय अशा अवस्थेत. सोबतचे एकच धोशा लावतात, “बाई, फवाऱ्यानं झालं असं लिहा नं. पेला म्हून नोका लिहू, पोलिसाचं लचांड लागते मागं.” कधी पोलिसांची भीती असते, कधी पोरीच्या लग्नाची. कधी मागून कोणीतरी शिकवून ठेवलेलं असतं, की अपघात लिहिला तर दोन लाख मिळतात आणि आत्महत्या लिहिली तर काहीच नाही. मग घरचे केसपेपर काढायला गेले की रुग्ण हळूच सांगतो, “मीच पेलो. घरच्याइले नोका सांगू.”

आता नोट्समध्ये काय लिहायचं? रुग्णानं विश्वासानं सांगितलेलं डॉक्टरांना सांगितलं तर विश्वासघात होतो का? आणि ‘जाऊ द्या सिस्टर, अपघात लिहा, गरीब माणूस आहे’ असं डॉक्टरच म्हणाले तर? नियम काय ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. मध्यरात्री एकटी असताना नेमकं काय करायचं ते सांगा.

आयसीयू_ब्रदर

ताई, नोंदीचा प्रश्न नीतीचा आहेच, पण त्याआधी तो डोसचा आहे. त्या बाजूनं सांगतो.

अंगावर उडालेलं औषध आणि पोटात गेलेलं औषध, दोन्हींत फार फरक. पिलेल्या माणसाच्या पोटात शंभर मिलिलिटरसुद्धा असू शकतं आणि ते तासन्‌तास रक्तात उतरत राहतं. केसपेपरवर ‘फवारणी’ लिहिलं की पुढच्या दवाखान्यातला निवासी डॉक्टर त्याच अंदाजानं चालतो : अंग धुवा, विषावरचा उतारा म्हणून थोडं अ‍ॅट्रोपिन द्या, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी रुग्ण बसून चहा पितो, घरचे ‘बरा झाला’ म्हणून सही करून घेऊन जायला निघतात. आणि पहिल्या ते चौथ्या दिवसात श्वासाचे स्नायू बसतात. त्याची पहिली खूण म्हणजे उशीवरून मान उचलता येत नाही. पाळीत दोनदा तरी ‘मान उचला’ म्हणून बघा आणि ते लिहा. खोट्या हिस्टरीमुळे रुग्ण दगावतो तो बहुधा इथं, कॅज्युअल्टीत नाही.

अ‍ॅट्रोपिनचा हिशेबही त्यावरच. आपल्याकडची अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. सुरुवात ३ अँप्युल म्हणजे १.८ मिलिग्रॅम, दर ५ मिनिटांनी छाती ऐकायची, कोरडी नसेल तर डोस दुप्पट : ६, १२, २४. चार डोसांत ४५ अँप्युल संपतात, म्हणजे २७ मिलिग्रॅम, तेही पंधरा मिनिटांत. नंतर एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून, म्हणजे या उदाहरणात २.७ ते ५.४ मिलिग्रॅम. ट्रेमध्ये दहा अँप्युल ठेवून ‘अपघात आहे, पुरेल’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब भिंतीवर चिकटवावा. थांबायचं कधी? छाती कोरडी, नाडी ८० च्या वर, वरचा बीपी ८० च्या वर, काखेत घाम नाही. नुसत्या बाहुल्या बघून थांबू नका. नाडी जलद आहे म्हणून अ‍ॅट्रोपिन रोखूही नका, छाती ओली असेल तर द्यायचंच. उलट बडबड, ताप, पोटाचे आवाज बंद, लघवी अडलेली, असं दिसलं तर जास्त झालंय, डॉक्टरांना उठवा.

आणखी एक. ‘औषध’ म्हणजे नेमकं कोणतं? तणनाशक पॅराक्वाट असेल तर सवयीनं ऑक्सिजनचा मास्क लावायचा नाही. त्या विषात ऑक्सिजन फुप्फुसाचं नुकसान वाढवतो, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९० टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय देत नाहीत. म्हणून वाद घालणाऱ्या नातेवाइकाला कामाला लावा : “दादा, डबा घेऊन या, नाहीतर लेबलचा फोटो मागवा.” त्यामुळे तो समोरून हलतोही आणि उपचारही बरोबर होतो. येताना डबा नुसता हातात धरून नाही, पिशवीत बांधून आणायला सांगा.

कागदपत्रवाला

आता लिहिण्याचं. निम्मा घोळ एका गैरसमजातून होतो. हेतू ठरवणं नर्सचं काम नाही. ‘आत्महत्येचा प्रयत्न’ हे शब्द तुम्ही तुमच्या मनानं लिहायचे नाहीत आणि ‘अपघात’ हाही शब्द लिहायचा नाही. दोन्ही निष्कर्ष आहेत. तुम्ही काय लिहायचं? कोणी सांगितलं, किती वाजता, कोणत्या शब्दांत, आणि तुम्हाला स्वतःला काय दिसलं.

नमुना देतो :

“रात्री ११.४०. सोबत आलेल्या भावाने सांगितले : ‘फवारताना झालं.’ तोंडाला औषधाचा वास. शर्टाचा पुढचा भाग ओला, पाठ कोरडी. रुग्ण शुद्धीत, नाव-गाव-वार बरोबर सांगतो.
११.५५. नातेवाईक बाहेर असताना रुग्णाने सांगितले : ‘मीच पेलो, एक झाकण.’ वैद्यकीय अधिकाऱ्यांना ११.५७ ला तोंडी कळवले. सही.”

बस. दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा. खरं कोणतं ते ठरवायला तपास आहे. रुग्णाचे शब्द त्याच्याच बोलीत, अवतरणात. ‘पेलो’चं इंग्रजी करत बसू नका. रुग्ण पुढे दगावला तर हे वाक्य कोर्टात वाचलं जाऊ शकतं. मरणाच्या कारणाबद्दल मृतानं केलेलं विधान भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ खाली पुरावा ठरतं, आणि ते शब्द तुमच्या हातचे असतील.

चुकलं तर एक आडवी रेघ, वर बरोबर शब्द, सही, तारीख, वेळ. व्हाइटनर लावलेला कागद म्हणजे तुमच्याविरुद्धचा पुरावा. मागची वेळ टाकून लिहू नका. उशीर झाला तर ‘उशिरा केलेली नोंद’ असं स्पष्ट लिहून आत्ताची वेळ टाका.

पोलिसांच्या भीतीबद्दल नातेवाइकांना दोन वाक्यांत सांगता येतं. एक, विषबाधेचा रुग्ण एमएलसीच (पोलिसांना कळवावी लागणारी केस) होतो, फवारणीचा असो की पिलेला. म्हणजे ‘फवारणी’ लिहून पोलीस टळत नाहीत, फक्त खोटं बोलल्याची भर पडते. दोन, जुनं भादंवि ३०९ आता नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात नुसता आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केला तरच कलम २२६ लागतं. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं, की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. पुष्कळ सिस्टर अजून ‘केस होईल’ असंच सांगतात. तेवढं थांबवलं तरी अर्धी खोटी हिस्टरी कमी होईल.

एमओ_घाटंजीकडचा

कागदपत्रवाल्यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, एका ठिकाणी नाही. हेतू नोट्समध्ये ठरवायचा नाही हे ठीक. पण हेतू विचारायचाच नाही असा अर्थ कोणी काढेल, तर ते घातक आहे. पिलेला माणूस शुद्धीवर आला की वॉर्डातच पुन्हा प्रयत्न करू शकतो. खिडकीजवळची खाट, सलाइनची नळी, कपाटातलं फिनाईल, सगळं त्याच्या हाताशी असतं. रुग्णानं ‘मी पेलो’ म्हटलं की पुढचा प्रश्न सरळ विचारा : “अजूनही जगू नये असं वाटतं का?” विचारल्यानं डोक्यात कल्पना घुसत नाही. उत्तर डॉक्टरला सांगा आणि पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला तोंडी द्या.

विश्वासघाताबद्दल : रुग्णानं ‘घरच्यांना सांगू नका’ म्हटलंय. ‘डॉक्टरला सांगू नका’ असं म्हटलेलं नाही, आणि म्हटलं तरी ते वचन देता येत नाही. म्हणून ऐकायच्या आधीच सांगून टाका : “भाऊ, तुम्ही सांगाल ते मी उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगणार. घरच्यांना मी होऊन सांगणार नाही. पोलीस जबाब घ्यायला येतील, त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.” आधी ‘नाही सांगत’ म्हणायचं आणि मग सांगायचं, खरा विश्वासघात तो.

पोट धुण्याबद्दलही. नळी टाकली की घरच्यांना समाधान वाटतं, म्हणून चार तासांनी आलेल्यालाही टाकतात. तासाभरात आला असेल, श्वासमार्ग सुरक्षित असेल, तरच तिचा विचार करायचा. बेशुद्ध, श्वासनळीत ट्यूब न टाकलेल्या माणसाचं पोट धुणं म्हणजे औषध फुप्फुसात ढकलणं. बरीच कीटकनाशकं पेट्रोलियमजन्य द्रावकात असतात, ती छातीत गेली की न्यूमोनिया ठरलेला. घरून मिठाचं पाणी पाजून आणलं असेल तर तेही लिहा, सोडियम वाढून झटके येतात. धुतलंच तर पहिलं पाणी स्वच्छ बाटलीत, सील, लेबल, पोलिसांची पोच. कपडे फेकू नका. पिशवीत बांधून नाव घाला, तोही पुरावाच. हातमोजे नायट्राइलचे घाला, साध्या लेटेक्समधून औषध आत जातं.

रात्रपाळी_ग्रामीण

खूप उपयोगी. पण डॉक्टरांनीच ‘अपघात लिहा’ म्हटलं तर? आणि दोन लाखांचं काय? घरात दोन लेकरं, डोक्यावर पीककर्ज, आणि माझ्या एका शब्दानं त्यांचं जात असेल तर हात जड होतो.

कागदपत्रवाला

पहिलं : डॉक्टर त्यांच्या कागदावर काय लिहितात ती त्यांची जबाबदारी, तुमच्या कागदावर तुमची. भांडू नका. “सर, तुमची नोंद तुम्ही करा, मी मला सांगितलेलं लिहिते,” एवढं बोला. तुमच्या नोटमधलं वाक्य बदलायला सांगितलं तर बदलू नका. सकाळी इन्चार्ज सिस्टरला सांगा, गरज पडली तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी. सरकारी नोकरानं जाणूनबुजून खोटी नोंद करणं हा गुन्हा आहे, आणि चौकशीत प्रत्येकाला स्वतःच्या सहीचं उत्तर द्यावं लागतं.

दुसरं, पैशाचं. मनापासून विचारलंय म्हणून नीट सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख आहेत. जंतुनाशकं हाताळताना झालेली विषबाधा त्यात बसते, आत्महत्या बसत नाही. इथवर घरच्यांचं बरोबर. पण तो दावा तुमच्या एका ओळीवर मंजूर होत नाही. पोलिसांचा पंचनामा लागतो, शवविच्छेदन लागतं, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत जातो. पोटात औषध सापडलं आणि कागदावर ‘फवारणी’ असलं, की दावा अडकतो आणि चौकशी तुमच्याकडे वळते. खोटी नोंद करून त्या घराला पैसे मिळतीलच असं नाही, वर्षभर तहसीलचे हेलपाटे मात्र नक्की.

उलट बाजू कोणी सांगत नाही. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात राज्य सरकारची १ लाखाची मदत आहे : ३० हजार रोख किंवा धनादेशानं, ७० हजार ठेवीत. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, थकलेलं होतं का, हे बघून जिल्हाधिकाऱ्यांची समिती पात्र-अपात्र ठरवते. अपात्र ठरणारी प्रकरणंही भरपूर, हे खरंच. पण ‘काहीच नाही’ हे खोटं.

मात्र माणूस जिवंत असताना, खाटेशेजारी उभं राहून यातलं अक्षर बोलू नका. तो ऐकत असतो. मेलो तर लाख मिळतात हे त्याच्या कानावर आपल्या तोंडून जाता कामा नये. घरच्यांनी विषय काढला तर व्हरांड्यात नेऊन एवढंच : “आत्ता तो वाचायचा आहे. कागद खरे ठेवा, पुढचं तलाठी-तहसीलदार सांगतील.”

समुपदेशक_वणी

बायकांबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे, वर सगळं शेतकरी पुरुष गृहीत धरून चाललंय.

सून विष घेऊन येते तेव्हा सोबत नवरा-सासू असतात, आणि ‘चुकून खोकल्याचं औषध समजून घेतलं’ असं सांगतात. सासरच्यांसमोर तिला विचारूच नका. साडी बदलायची, अंग पुसायचं, कॅथेटर टाकायचा, असं काही कारण काढून पडदा लावा, सासूसकट सोबतच्या सगळ्यांना बाहेर काढा. तिनं घेतलं की कोणी पाजलं, दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवून विचारा : “काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा.” ‘नवऱ्यानं पाजलं का?’ असा प्रश्न नको, उत्तर तोंडात घातल्यासारखं होतं. अंगावरचे वळ, जुने-नवे, जागा आणि आकारासह डॉक्टरला दाखवा. प्रकृती ढासळायची चिन्हं असतील तर डॉक्टरांना लगेच आठवण करा : जबाब घ्यायला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे बहुधा नायब तहसीलदारांना, पोलिसांमार्फत बोलावणं लागतं आणि तालुक्याहून यायला वेळ जातो. जबाब देण्याइतकी शुद्ध आहे हे डॉक्टर लिहून देतात. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर तपासाचे नियम आणखी कडक, म्हणून लग्नाचं वर्ष विचारून ठेवा.

गुप्ततेचा खरा भंग कागदावर कमी, वॉर्डात जास्त होतो. खाटेच्या पाटीवर मोठ्या अक्षरात ‘पॉयझन’. आयाबाई त्याच गावची, वॉर्डबॉय मामा शेजारच्या गावचा, आणि संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. सरपंचाचा फोन आला, बातमीदार आला, तर उत्तर एकच : “माहिती अधीक्षक देतील.” मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं, तो पारावरच्या लोकांसाठी शिथिल होत नाही.

सुट्टीच्या कागदावर पुढची तारीख हवीच. आठवड्याच्या आत मनोविकार बाह्यरुग्ण विभाग, आणि दोन-तीन आठवड्यांनी पायांची ताकद तपासायला पुन्हा. काही ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी उशिरा पाऊल लुळं पडतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून द्या, घरच्या एका माणसाच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. घरात औषध कुठं ठेवता ते विचारा. बहुतेक घरी ते खाटेखाली किंवा माळ्यावर बियाण्याजवळ असतं. उरलेलं औषध कुलूपबंद पेटीत, चावी दुसऱ्याकडे. आशाताईला कळवायचं तर रुग्णाला विचारून. हो म्हणाला तर ‘औषध पिला’ असं नाही, ‘तब्येत बघायला या’ एवढंच सांगितलं तरी चालतं.

आयसीयू_ब्रदर

एक उलटी चूकही होते. ‘विष’ म्हटलं की सगळे पिलेच असणार असं धरून चालायचं, हेही खोटंच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनंच किती माणसं आजारी पडली आणि दगावली ते सगळ्यांना माहीत आहे. कपाशी डोक्याएवढी, ढगाळ दमट हवा, गळका पंप, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. अशा माणसाची पाठ आणि कंबर ओली असते, त्रास काही तासांनी सुरू होतो, डोळ्यांची तक्रार असते. त्याला पाचव्यांदा ‘खरं सांग, पेला ना?’ विचारणं हा अपमान आहे. कपडे काढा, साबणाच्या पाण्यानं केस, कानामागं, नखं धुवा. आणि मजुराला मालकानं मोजे-मास्क दिले होते का, तेही त्याच्या शब्दांत लिहून ठेवा. इथं मात्र खरी नोंद त्याच्या घराला उपयोगी पडते. मालक सोबत आला असेल तर ‘पेला’ असं सांगणारा तोच असू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

रात्रपाळी_ग्रामीण

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचं : घरचे दुसऱ्या दिवशी नोट्सची झेरॉक्स मागतात, मोबाईलवर फोटो काढू लागतात. द्यायचं का?

कागदपत्रवाला

तुम्ही नाही द्यायचं. फोटोही काढू देऊ नका, फाईल नर्सिंग स्टेशनवर ठेवा. रुग्णाचा किंवा त्यानं लेखी नेमलेल्या माणसाचा अर्ज अधीक्षकांच्या नावे घ्या, आवक क्रमांक द्या. नक्कल ७२ तासांत द्यायची असते. एमएलसीची फाईल असल्यानं ती कार्यालयातूनच जाईल. आणि ‘घरच्याइले नोका सांगू’ म्हणणाऱ्या रुग्णाला अर्जावर सही करण्याआधी एकट्याला सांगा, की त्याचं ते वाक्य त्या कागदात आहे.